चाकांच्या खडावा

खोकं उघडलं तेव्हा आम्हा सगळ्यांना वाटलं, माल अर्धाच आलाय.

आत दोन छोट्या लोखंडी पाट्या होत्या, तळव्याच्या मधल्या भागाखाली मावतील एवढ्याच. प्रत्येकीच्या पोटाला दोन जाडजूड, रुंद चाकं, एकामागे एक. वर काळा खरखरीत कागद चिकटवलेला. बस्स. पट्टा नाही, बूट नाही, लेस नाही. निवृत्तीशेठनी खोकं उलटं करून झटकलं, पण थर्माकोलच्या गोळ्यांखेरीज काही पडलं नाही.

ही २००७ सालची गोष्ट, दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. निवृत्तीशेठचं खेळाच्या सामानाचं दुकान कॉलेज रोडला. मी तिथं रॅकेटचं गटिंग करायचो, म्हणजे तुटलेली जाळी काढून नवी विणायची. शेठ मूळचे पिंपळगावकडचे द्राक्षबागायतदार. बाग भावांवर सोपवून त्यांनी शहरात दुकान टाकलं, पण बोलणं अजून बांधावरचंच. मुंबईच्या एका प्रदर्शनात त्यांनी एका पोराला या पाट्यांवर उभं राहून भुर्रकन जाताना पाहिलं आणि तिथल्या तिथं माल सांगून टाकला.

"पट्टे कुठायत याचे?" मी विचारलं.

"नसत्यात पट्टे. दोन पायाखाली दोन ठेवायच्या, आडवं हुभं राहायचं अन् निघायचं. फ्रीलाइन म्हणत्यात याला." शेठनी खोक्यावरचं चित्र दाखवलं. "साधूंच्या खडावा बघितल्या ना? तशाच. फक्त खुंटी नाय अन् खाली चाकं हायेत."

असं म्हणून शेठ उभे राहिले, आणि पुढच्याच क्षणी क्रिकेटच्या पॅडांच्या ढिगाऱ्यात आडवे झाले. मग मी चढलो. माझा एक पाय त्र्यंबककडे निघाला, दुसरा ओझरकडे. मी कसाबसा काउंटर धरला म्हणून वाचलो.

"ठेवा शोकेसमधी," शेठ कंबर चोळत म्हणाले. "ह्यावर कोण हुभं राहून दाखवल्याशिवाय हे इकायचं नाय."

काउंटरमागे ट्रॅकसूटच्या घड्या घालणारी सविता इतका वेळ तोंडावर ओढणी धरून हसत होती. तिने घडी अर्धवट सोडली.

"शेठ, मी बघू?"

सविता भोये तेव्हा सव्वीस वर्षांची होती. माहेर हरसूलजवळच्या एका पाड्यावर. वडील झिपरू भात-नागली करायचे. ती आश्रमशाळेत शिकली आणि तिथं खो-खो खेळली, साधंसुधं नाही, जिल्ह्यापर्यंत. तिच्या धावण्याबद्दल तिचे सर म्हणायचे की ही पोरगी बसलेल्यांच्या रांगेतून पाण्यासारखी वाहते. मग लग्न झालं, ती नाशिकला पेठ रोडला राहायला आली. नवरा हिरामण टेम्पो चालवायचा, द्वारकेच्या स्टँडवर त्याची गाडी लागायची. मुलगी सायली झाली, ती बालवाडीत जायला लागल्यावर सविता आमच्या दुकानात लागली. खो-खो मागेच राहिला. बाई माणसाचा खो-खो लग्नानंतर राहतोच मागे, असं ती स्वतःच एकदा म्हणाली होती, तेही हसतच.

तर ती पुढे आली, चपला काढल्या, ओढणी कमरेला बांधली आणि दुकानाच्या अर्ध्या उघड्या शटरचा दांडा धरून त्या पाट्यांवर चढली. पाय थरथरत होते. पण ती पडली नाही. खाली बघत नव्हती, समोर बघत होती.

"दादा, हे वाकडं चालायला बघतं," ती मला म्हणाली. "सरळ ढकलून नाय चालणार. दोन्ही पाय आत-बाहेर, आत-बाहेर करावं लागंल. साप जातो ना, तसं."

"तुला कसं कळलं?"

"पायाला कळतंय ना."

त्या दिवसापासून दुपारी गिऱ्हाईक नसलं की सविता दुकानामागच्या पार्किंगमध्ये. भिंत धरून थोडं पुढे, थोडं मागे. मी गटिंगच्या मशिनवरून खिडकीतून बघायचो. आपटली की मला आवाज यायचा, आणि लगेच तिचं हसणं यायचं. असे बरेच दिवस गेले. मग एका दुपारी हसणं नाही की आपटणं नाही, नुसता चाकांचा घर्रर्र आवाज, लांबत गेलेला. मी धावत बाहेर आलो. सविता भिंतीपासून सुटली होती! हात पसरून, गुडघे वाकवून, कमरेपासून लाटेसारखी हलत ती पार्किंगच्या या टोकापासून त्या टोकाला चालली होती, आणि ओरडत होती, "दादा, थांबवायचं कसं? थांबवायचं कसं ओ?"

ते काही तेव्हा मलाही माहीत नव्हतं. शेवटी शेठच्या स्कूटरने तिला थांबवलं.

पुढच्या आठवड्यात शेठनी तिला दुकानासमोर चालवून दाखवायला सांगितलं. संध्याकाळची कॉलेज रोडची गर्दी तुम्हाला माहीत आहे. पंजाबी ड्रेस घातलेली एक बाई दोन पाट्यांवर नागमोडी जातेय म्हटल्यावर पोरं गाड्या बाजूला लावून बघायला लागली. "ताई, बॅटरीवर आहे का?" एकाने विचारलं. "भाकरीवर आहे," सविता म्हणाली आणि गर्रकन वळली. ती जोडी त्याच संध्याकाळी विकली गेली. शेठनी आणखी मागवल्या, त्यातली एक जोडी सवितासाठी. "खडावा आहेत का?" असं विचारत पोरं यायला लागली, आणि जो घेईल त्याला उभं राहायला सविता शिकवणार हे ठरूनच गेलं.

इथंच थांबलं असतं तरी सांगण्यासारखं होतं. पण त्या उन्हाळ्यात सुनील नावाचा इंजिनिअरिंगचा एक मुलगा दुकानात आला. तिच्याकडूनच चालवायला शिकलेला. म्हणाला, "ताई, तुम्ही फ्लिप बघितलीय का? चला, दाखवतो." शेजारीच सायबर कॅफे होता. सविता मलाही ओढून घेऊन गेली.

व्हिडिओ अडकत अडकत चालला होता. परदेशातला कुणी पोरगा पाट्यांवर येतो. उडी मारतो. चित्र थांबतं, गोल फिरत राहतं. मग एकदम हालतं, तर त्याच्या पायाखालची पाटी हवेत उलटी होते, पूर्ण गिरकी घेते, पुन्हा चाकांवर येते, आणि याचा पाय बरोबर तिच्यावर! तो तसाच पुढे निघून जातो.

सविताने माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी बोटांचे वळ दिसले.

"परत लाव," ती सुनीलला म्हणाली. त्याने परत लावला. "परत." कॅफेवाला घड्याळाकडे बघायला लागला तरी ती उठेना. शेवटी ती खुर्चीतून उभी राहिली आणि तिथंच, संगणकांच्या मधल्या बोळात, अनवाणी उजव्या पायाचा अंगठा हवेत झटकून बघायला लागली. तिचे डोळे चमकत होते.

"दादा, हे मला पाहिजे," ती म्हणाली.

पार्किंगमध्ये हे जमणार नव्हतं. तिथं खडी होती, शिवाय गाड्या. पण सविता राहायची त्या गल्लीच्या तोंडाशी एक मंगल कार्यालय होतं आणि त्याची राखण चतुराबाई करायच्या. साठीच्या, खणखणीत आवाजाच्या, मागच्या खोलीत एकट्याच राहणाऱ्या. आषाढ लागला की लग्नं बंद, ती तुळशीच्या लग्नापर्यंत. तेवढे महिने तो एवढा मोठा शहाबादी फरशीचा हॉल नुसता पडून असायचा. सविता त्यांना चतुरामावशी म्हणायची. तिने विचारलं, मावशींनी मालकाला विचारलं. मालक म्हणाला, काही फोडू नका म्हणजे झालं.

मग सुरू झालं. संध्याकाळी दुकानातून सुटली की सविता सरळ हॉलवर. मी माझ्या घरी पंचवटीला जायचो, वाटच होती, म्हणून बऱ्याचदा थांबायचो. मावशींनी पाहुण्यांच्या गाद्या काढून कडेने अंथरल्या होत्या. सायली त्या गाद्यांवर कोलांट्या मारायची. नवरदेवाच्या लाल मखमली खुर्चीत मावशी स्वतः बसायच्या, पोळपाटावर भाजी चिरत.

फ्लिपची गंमत अशी की ती बघायला डोळ्याची पापणी लवेपर्यंतचं काम आहे, पण तिच्यात फार गोष्टी कोंबलेल्या आहेत. चालत्या पाटीवरून वर उडायचं. उडताना पुढच्या पायाच्या अंगठ्याने पाटीची कड दाबून झटका द्यायचा. पाटी स्वतःभोवती गिरकी घेते. मागची पाटी तोवर एकटीच सरळ धावत असते. मग गिरकी संपता संपता एक पाय एकीवर, दुसरा दुसरीवर. जरा लवकर उतरलं तर पाटीच्या पोटावर, चाकांच्या मधोमध. जरा उशीर झाला तर पाटी निघून गेलेली आणि आपण फरशीवर.

सविताला पहिल्या दिवसापासून एकच व्हायचं: पाटी भिरकावली जायची. कधी गादीत घुसायची, कधी भिंतीवर आदळायची, आणि बहुतेक वेळा तिच्याच नडगीवर बसायची. खट्ट! तो आवाज ऐकून मीच डोळे मिटायचो. मी दुकानातून हॉकीचे शिनगार्ड आणून दिले. ते तिला मोठे होत होते, फिरून पोटरीकडे जायचे, आणि पाटी नेमकी उघड्या नडगीवरच यायची.

"लागलं का गं?" मावशी खुर्चीतून विचारायच्या.

"लय नाय, मावशी. पण बघितलं का? अर्धी फिरली! अर्धी तर फिरली!"

अर्धी फिरली याचाच तिला इतका आनंद व्हायचा की तिला थांब म्हणायला जीभ वळायची नाही. एकदा तर पाटी पूर्ण फिरली आणि चाकांवर उभीही राहिली, फक्त सविता तिच्यावर नव्हती, लांब पडली होती. तरी ती पडल्या पडल्याच टाळ्या वाजवत होती.

पण घरी वेगळंच चाललं होतं. सविताच्या नडग्या काळ्यानिळ्या, कोपरावर खरचटलेलं, एकदा हनुवटीवर वण. नळावर बाया बघायच्या. एक दिवस शेजारच्या भागुबाईंनी हिरामणला गल्लीत अडवलं. भागुबाई म्हणजे कुणाची भीडभाड न ठेवणाऱ्या.

"हिरामण, बायकोला मारतोस का रे? लाज नाय वाटत?"

हिरामण शांत माणूस. बोलायचा कमी. तो सरळ घरात गेला, पण त्याला ते फार लागलं. द्वारकेच्या स्टँडवर आधीच ड्रायव्हर लोक त्याला चिडवायचे की तुझी बायको चाकं लावून फिरते, टेम्पोला स्टेपनी म्हणून घेऊन ये. ते तो ऐकून सोडून द्यायचा. हे मात्र त्याला सोडता आलं नाही.

सविताने दुसऱ्या दिवशी मला सगळं सांगितलं. तो तिला म्हणाला होता, "सवे, मी आजपर्यंत तुझ्यावर हात उगारला नाय. आणि आज मला आख्ख्या गल्लीत मान खाली घालावी लागली. काय आहे तरी काय ते? कशासाठी चाललंय?"

"मला सांगता येणार नाय," ती म्हणाली होती. "तुम्ही येऊन बघा. बघून म्हणालात बंद कर, तर आपण बोलू."

तो त्या संध्याकाळी आला. टेम्पो बाहेर लावून हॉलच्या दारातच उभा राहिला, आत येईना. हातात किल्ली फिरवत होता. सविताने त्याच्याकडे बघितलं आणि निघाली. नागमोडी वेग घेत ती हॉलच्या मधोमध आली, उडाली, खट्ट, पाटी भिंतीवर. पुन्हा निघाली. पाटी गादीत. पुन्हा. या वेळी ती जोरात बसली, माकडहाडावर, आणि क्षणभर उठलीच नाही. मावशी उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता हा माणूस आत येणार आणि तिला हाताला धरून घेऊन जाणार.

हिरामण आत आला खरा. तिच्याजवळ जाऊन उकिडवा बसला.

"तू आधी पाय झटकतेस," तो म्हणाला.

"काय?"

"आधी झटकतेस आणि मग उडतेस. क्लच न दाबता गिअर टाकल्यागत. मग ते खडखडणारच. आधी क्लच. मग गिअर. आधी उड, वर गेल्यावर पाय मार."

सविताने बसल्या बसल्याच अंगठा झटकून बघितला. मग उठली, कमरेला हात लावत पाट्या गोळा करून आणल्या.

आधी क्लच, मग गिअर. ती स्वतःशी पुटपुटत निघाली. उडाली. उंच उडाली, कारण या वेळी घाई नव्हती. मग अंगठा. पाटी तिच्या तळव्याखालीच फिरली, जशी काही दोरीने बांधलेली. दोन्ही पाय टपकन खाली आले. चाकं घर्रर्र करत पुढे निघाली आणि सविता त्यांच्यावर होती!

एक क्षण हॉलमध्ये कुणालाच काही कळलं नाही. तिलाही नाही. ती तशीच स्टेजपर्यंत गेली, स्टेजला धरून थांबली, वळून आमच्याकडे बघितलं, आणि मग जी किंचाळली! सायली गादीवरून उडी मारून धावली. मावशींच्या मांडीवरची भेंडी सगळी फरशीवर गेली. मी काय ओरडलो मला आठवत नाही, पण घसा दुसऱ्या दिवशीही बसलेला होता. आणि हिरामण, तो कमी बोलणारा माणूस, दोन्ही हात डोक्यावर ठेवून गोल गोल फिरत होता आणि म्हणत होता, "लागला की गिअर! लागला की!"

त्या दिवशी ती परत जमली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पण आता जमते हे माहीत होतं, आणि त्यानंतर जमायलाच लागली. कधी दहात एक, मग निम्म्या वेळा. हिरामण भाडं लवकर संपलं की यायचा. भागुबाईंनाही एक दिवस त्याने हाताला धरून आणलं आणि लाल खुर्चीत बसवलं. त्यांनी दोन फ्लिप बघितल्या, तोंडावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "आगं बया, हा मार तू सोताच खातेस होय!" त्यानंतर गल्लीत कुणी विचारलं नाही.

डिसेंबर संपता संपता गंगापूर रोडवरच्या एका शाळेत मुलांच्या स्केटिंगच्या स्पर्धा होत्या. स्केट्स आमच्याच दुकानातून गेलेले, तेव्हा शेठनी आयोजकांना सांगून टाकलं की मधल्या वेळात आमची सविता फ्लिप दाखवेल. सविताला त्यांनी हे सांगितलं आदल्या रविवारी.

"शेठ, चारशे लोकं असतील!"

"मंग? चारशेनी बघितलं तर काय झिजती का तू?"

ती घाबरली होती, पण त्याहून जास्त तिला घाई झाली होती. गावाकडे निरोप गेला. स्पर्धेच्या सकाळी झिपरूबाबा हरसूलहून पहिल्या एसटीने आले. पांढरी टोपी, स्वच्छ धोतर, हातात पिशवीभर उकडलेल्या शेंगा.

आम्ही शाळेच्या स्केटिंगच्या रिंकवर लवकर पोचलो. सविताने पाट्या टाकल्या, निघाली, उडाली आणि तोंडावर पडली. पुन्हा तेच. शहाबादी फरशीवर पाटी उतरताना थोडी घसरायची आणि तिला त्याची सवय झाली होती. रिंकचं सिमेंट खरबरीत. पाटी टेकली की जागीच धरायची, आणि सविता पुढे फेकली जायची. एकही जमेना. तिचा चेहरा उतरला.

"दादा, ह्या जमिनीचं काय वेगळंच हाय," ती म्हणाली. "आज काय होईना मला."

सुनीलही आला होता. तो म्हणाला, "ताई, वेग कमी करून बघा ना."

"नाय, नाय," सविताने मान हलवली, आणि एकदम तिच्या डोळ्यांत ते सायबर कॅफेतलं काहीतरी चमकलं. "कमी नाय, वाढवायचा! जमीन धरते ना? मग धरू दे. वेग असला की ती धरूनसुद्धा सोडून देईल." तिला पुन्हा करून बघायचं होतं, पण मुलांची पहिली शर्यत लागली आणि रिंक सोडावा लागला.

मधल्या वेळात माईकवर नाव पुकारलं गेलं. सविताने पाट्या टाकल्या. निळा पंजाबी ड्रेस, ओढणी आडवी बांधलेली, वेणी वर खोचलेली. पोरांमध्ये कुजबुज झाली. एक जण जोरातच म्हणाला, "ही काय, कुणाची आई आहे का?"

"हो, माझी!" सायली ओरडली, आणि लोक हसले.

सविताने एक फेरी नुसतीच मारली. दुसऱ्या फेरीत वेग घेतला, उडाली. पाटी फिरली आणि तिच्या पायाला न लागता सटकली, ती सरळ पाहुण्यांच्या खुर्च्यांखाली. सविता धावत चार पावलांत सावरली, पडली नाही. मोठा हशा झाला. ती खुर्च्यांपाशी गेली. अध्यक्षांनी पाय वर घेतले, तिने वाकून पाटी काढली, आणि ती स्वतःही हसत सुटली. तिचं ते हसणं बघून पोरं ओरडायला लागली, "वन्स मोअर! ताई, वन्स मोअर!"

ती निघाली. यापूर्वी मी तिला इतक्या वेगात कधी पाहिलं नव्हतं. कंबर, गुडघे, टाचा, सगळं एका लाटेत. माझ्याशेजारी हिरामणने हवेतच डावा पाय दाबला. सविता उडाली. पाटी फिरली, तळव्याखाली, पूर्ण. खाली टेकली, जमिनीने धरली, वेगाने सोडवली, आणि सविता ताठ उभी, रिंकच्या वळणावरून आमच्या समोरून सण्णकन निघून गेली.

केवढा तो आवाज झाला! पोरं कठड्यावर चढली. शेठ शेजारच्या कुणा परक्या माणसाला मिठी मारून उभे होते. सविताने आणखी एक केली, आणखी एक. मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिने दोन्ही पाट्या एकदम उडवल्या. हे तिला हॉलमध्येही कधी जमलं नव्हतं. दोन्ही पाट्या फिरल्या, दोन दिशांना गेल्या, आणि सविता दणकन सिमेंटवर बसली. ती बसल्या बसल्याच दोन्ही हात वर करून हसत होती, आणि पोरं कठडा ओलांडून तिच्याभोवती जमली होती. प्रत्येकाला एकच हवं होतं, "ताई, मला द्या ना! मला उभं राहू द्या!"

झिपरूबाबा शेवटी तिच्यापर्यंत पोचले. गर्दीतून वाट काढत ते तिच्याजवळ बसले. टोपी सरकली होती.

"लागलं का गं, बाय?"

"नाय बाबा."

"मग परत दाव ना," म्हातारा म्हणाला. "मघाशी माझ्याम्होरं एक उंच माणूस हुभा होता. मला नीट दिसलंच नाय."

तिने परत दाखवलं. रिंक रिकामा करायला लावून, फक्त त्यांच्यासाठी.

दोन्ही पाट्यांची फ्लिप तिला पुढच्या होळीच्या सुमाराला जमली. दुकानामागच्या पार्किंगमध्ये, एका सामान्य मंगळवारी दुपारी. बघायला फक्त मी आणि एक कुरिअरवाला. त्याला काय झालं ते कळलंच नाही, त्याने पावतीवर सही मागितली, आणि सविताने हसता हसता अशी काही सही केली की ती वाचता येईना.

शेठनी तिला रविवारची शिकवणी सुरू करून दिली, त्याच शाळेच्या रिंकवर. आधी मुलगे आले, मग मुली. दोनेक वर्षांनी त्या खडावांची हवा ओसरली, दुकानात नवं काहीबाही आलं, पण तोवर सविताने साधं स्केटिंग शिकवायचंही प्रशिक्षण घेतलं होतं आणि ती शाळेतच शिकवायला लागली. दुकान तिने सोडलं तेव्हा मला वाईट वाटलं, पण रविवारी मी रिंकवर जायचोच. हिरामण तिथं शिनगार्ड बांधायचं काम करायचा, प्रत्येक पोराला क्लच आणि गिअरचं व्याख्यान देत.

एका रविवारची गोष्ट सांगतो. मुलींची तुकडी सुटली होती. एका मुलीला घ्यायला तिची आई आली होती, मीना नाव, चाळिशीतली, साडी नेसलेली, हातात मुलीची पाण्याची बाटली. त्या दर रविवारी कठड्याला टेकून बघायच्या. त्या दिवशी सविता पाट्या पुसत होती, तर मीनाताई जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "मॅडम, मोठ्यांना जमतं का हो हे? म्हणजे, उगीच विचारते."

सविताने हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. पाट्या त्यांच्या पायाशी ठेवल्या, त्यांच्या हातातली बाटली माझ्याकडे दिली.

"पदर खोचा. चपला काढा. माझे दोन्ही हात धरा. खाली नाय बघायचं, माझ्याकडं बघायचं."

मीनाताई चढल्या. पाय थरथरायला लागले. "अगं बाई, अगं बाई, पडते मी, पडते!"

"पडा की! मी पण पडले. आता पाय आत-बाहेर. आत. बाहेर. हं, अशी लाट येऊ द्या. येऊ द्या!"

सविता मागे मागे जात होती, मीनाताई तिच्या हातांना लटकून पुढे येत होत्या, डोळे विस्फारलेले, तोंड उघडं. मग सविताने एक हात सोडला. मग दुसरा. मीनाताईंच्या तोंडून असा काही आवाज निघाला की रस्त्यावरचा पेरूवाला गाडी सोडून फाटकापाशी आला, आणि साडीचा पदर उडवत त्या एकट्याच, वाकड्यातिकड्या, पण चालत्या, रिंकच्या मधोमध निघाल्या.